अडीच वर्षांचा विद्यार्थी

रत्नागिरीत दिवाळीचा फराळ संपता संपता, ज्या घरात दोन-अडीच वर्षांचे मूल आहे तिथे एकच विषय सुरू होतो. यंदा घालायचे का शाळेत? आजोबा विचारतात, मुंबईहून फोन करणारा काका विचारतो, शेजारच्या काकू तर हमखास विचारतात. मारुती मंदिर, नाचणे, कुवारबाव, शिरगाव या भागांतून फिरताना नर्सरी, प्ले ग्रुप, शिशुवर्ग अशा पाट्या ठिकठिकाणी दिसतात. ‘आता नाही घातलं तर पुढं जागा मिळणार नाही’ हे वाक्य एकदा घरात शिरले की आईवडिलांची झोप उडते. मूल मात्र तेव्हा अंगणात सुपारीची फुटकी साले गोळा करत असते.

या घाईचे मूळ एका तारखेत आहे. राज्य शासनाने सप्टेंबर 2020 मध्ये ठरवले की प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत तीन वर्षे पूर्ण होणारे मूल नर्सरीला आणि सहा वर्षे पूर्ण होणारे मूल पहिलीला पात्र. जून 2026 चा वर्ग डोळ्यांसमोर आणा. जानेवारी 2023 मध्ये जन्मलेले मूल तेव्हा तीन वर्षे पाच महिन्यांचे असेल. डिसेंबर 2023 च्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेल्या मुलाला अडीच वर्षेही पूर्ण झालेली नसतील. दोघेही नियमात बसतात, दोघेही एकाच बाईंसमोर येतात. मोठ्या माणसांत वर्षभराचे अंतर कोणी मोजत नाही. इथे ते धाकट्याच्या आजवरच्या आयुष्याच्या एक तृतीयांशाहून जास्त आहे. एकाला चप्पल घालता येते, आपले नाव सांगता येते, गोष्ट संपेपर्यंत बसता येते. दुसऱ्याला शू लागल्याचे वेळेत सांगता येत नाही. जूनच्या पावसात, ओल्या रेनकोटात, अनोळखी खोलीत तो रडतो. वर्षअखेरीला प्रगतिपत्रकावर शेरा येतो की मूल लक्ष देत नाही.

नियम सांगतो की 31 डिसेंबरपर्यंत तीन पूर्ण होणारे मूल पात्र आहे. त्याला घातलेच पाहिजे, असे नियमात कुठेही नाही. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या मुलाला एक वर्ष घरी ठेवले तर त्याचे काही बुडत नाही, उलट पुढची सगळी साखळी सैल होते. आज अडीच वर्षांचा नर्सरीत गेलेला मुलगा साडेपाचव्या वर्षी पहिलीत बसणार, हे पालकांनी आजच बोटांवर मोजावे. पहिलीला पूर्ण सहा वर्षे हवीत असे केंद्राचे म्हणणे आहे. केंद्रीय विद्यालयांनी 2022-23 पासून ते लागूही केले. फिनलंडमध्ये मुले सातव्या वर्षी पहिलीत जातात. सहाव्या वर्षीचे पूर्वतयारीचे वर्ष तिथे 2015 पासून सक्तीचे झाले. फ्रान्सने 2019 पासून तिसऱ्या वर्षापासूनच शिक्षण सक्तीचे केले. दोन्ही देशांत मुले शिकतात. तेव्हा वयाच्या आकड्यावर भांडण्यापेक्षा त्या खोलीत मुलाला दिवसभर काय करायला देतात, हे आधी बघायला हवे.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्याला लिहायला देतात. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल, चार रेघांची वही, आणि घरी करून आणायला एक पान. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि एकेक करून पक्की होत जातात. तिसऱ्या वर्षी त्यांतली निम्मीही झालेली नसतात. त्या हाताने मातीचा गोळा वळायचा असतो, वाळू चाळायची असते, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचे असते. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते सहा वयासाठी खेळ, गोष्टी, गाणी, वस्तू हाताळणे हेच शिक्षण मानले. या वयात पाठ्यपुस्तक नको, असेच त्याचे सांगणे आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा पाच वर्षांचा एकच टप्पा धरला आणि त्यात बालवाडीची तीन वर्षे शालेय शिक्षणाच्या चौकटीत आणली. कागदावर हे सगळे उत्तम आहे. पण नर्सरीचे दप्तर उघडून पाहिले तर आत चार वह्या निघतात.

हे नवे नाही. यशपाल समितीने 1993 मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल देताना नर्सरीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या चाचण्या आणि मुलाखती बंद करा, असे सांगितले होते. महाराष्ट्रात राम जोशी समिती नेमली गेली आणि पूर्वप्राथमिक केंद्रांच्या प्रवेशाचे नियमन करणारा 1996 चा कायदा झाला. देणग्या आणि लहानग्यांच्या मुलाखती थांबवणे हा त्याचा हेतू होता. कायदा झाला, पण बालवर्ग चालवणाऱ्यावर रोजची नजर कोणाची, हे काही ठरले नाही. पालकांची मुलाखत घेतो, मुलाची नाही, अशी पळवाट पुढची तीस वर्षे पुरली आहे.

नजर नसण्याचे कारण राज्यघटनेपर्यंत जाते. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहाच्या आतल्या मुलांसाठी कलम 45 मध्ये राज्याने प्रयत्न करावा एवढेच ठेवले. शिक्षण हक्क कायदा 2010 मध्ये लागू झाला. त्याचे अकरावे कलम तीन ते सहा वयाबद्दल बोलते, पण तिथेही शासन मोफत बालशिक्षणाची व्यवस्था करू शकेल, अशीच भाषा आहे. त्यामुळे हे वय दोन खात्यांच्या मधल्या जागेत अडकले. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे, पहिली शिक्षण खात्याकडे, आणि भाड्याच्या बंगल्यातली नर्सरी बराच काळ कोणाकडेच नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने खाजगी प्ले स्कूलसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन वर्षांच्या आतले मूल घेऊ नये, वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असावी, रोज तीन-चार तासांहून जास्त वर्ग नसावा, असे त्यात आहे. सूचना चांगल्या आहेत. आपल्या मुलाच्या वर्गात वीसामागे किती माणसे आहेत हे किती पालक विचारतात? भिंतीवरची चित्रे, एसी आणि स्नेहसंमेलनाचे फोटो पाहून प्रवेश पक्के होतात.

खर्चाचे म्हणाल तर खाजगी नर्सरीचे बिल एका आकड्यात कधीच सांगितले जात नाही. प्रवेश शुल्क वेगळे, सत्राची फी वेगळी, वह्या-पुस्तकांचा संच शाळेतूनच घ्यायचा, दोन गणवेश, बूट, रेनकोट, स्नेहसंमेलनाचा पोशाख, सहल, प्रत्येक सणाला रंगीत कपडे. याच्या वर मुलांची रिक्षा. रत्नागिरी शहर घाटी आणि उतारांवर पसरलेले आहे. भर पावसात मुलाला कडेवर घेऊन चालत जाणे जमत नाही, म्हणून महिन्याचा रिक्षाचा खर्च टाळता येत नाही. आणि रिक्षात तीन वर्षांचा मुलगा आठ-दहा मोठ्या मुलांमध्ये चेपून बसतो. फी कमी वाटली म्हणून लांबची शाळा घेतलेल्या घराला वर्षअखेरीला कळते की वाचलेले पैसे रिक्षात गेले.

केंद्रीय सांख्यिकी खात्याच्या 2025 च्या शिक्षणविषयक पाहणीत शालेय विद्यार्थ्यामागे घरचा सरासरी वार्षिक खर्च सरकारी शाळेत 2,863 रुपये आणि खाजगी शाळांत 25,002 रुपये निघाला. हे देशाचे आणि सगळ्या इयत्तांचे आकडे आहेत, पण दोन रस्त्यांमधले अंतर किती आहे ते त्यावरून कळते. यात एक गोष्ट मोजलेली नाही. बारा वाजता सुटणाऱ्या मुलाला घ्यायला घरात कोणीतरी हवे असते. ते ‘कोणीतरी’ बहुतेक वेळा आईच असते आणि तिने सोडलेल्या नोकरीचा हिशेब कुठल्याच पाहणीत येत नाही. ज्यांना सासू किंवा आई सांभाळायला आहे त्यांचे निभावते. बँकेत, दवाखान्यात, दुकानात काम करणाऱ्या नव्या जोडप्याला पाळणाघर शोधावे लागते, आणि तो खर्च फीइतकाच, कधी जास्तही पडतो.

गरीब घरांसाठी शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के राखीव जागांचा मार्ग आहे. शाळा नर्सरीपासून सुरू होत असेल तर तो नर्सरीलाही लागू होतो. राज्य शासनाने प्रतिपूर्तीसाठी मुलामागे वर्षाला 17,670 रुपये ठरवले. ती रक्कम वेळेवर मिळत नाही ही संस्थाचालकांची तक्रार जुनी आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने आधी त्याला स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 रोजी तो बदल रद्द केला. न्यायालयाने बरोबर केले. पण संगमेश्वरच्या किंवा लांज्याच्या डोंगरातल्या वाडीला या निकालाचा उपयोग फार थोडा. तिथे जवळपास खाजगी शाळाच नाही. आहे ती अंगणवाडी.

तेव्हा अंगणवाडीकडे जाऊ.

पावसाळ्यातली सकाळ, डोंगरउतारावरची एक वाडी. जांभ्या दगडाची एक खोली, पुढे पडवी, पडवीवर निळा कागद बांधलेला. मदतनीस ताई घरोघर जाऊन मुले आणते. एकाला कडेवर, दोघांना बोटाला धरून, चौथा छत्री फिरवत मागून. आत गोणपाटाच्या बसकरावर नऊ मुले बसली आहेत. एका मुलीपुढे दोन करवंट्या आणि मूठभर काजूच्या बिया. मोठ्या बिया एका करवंटीत, लहान दुसऱ्या करवंटीत. ती एक बी अंगठा आणि दोन बोटांत धरते, उजेडाकडे करून बघते, मग ठरवते. मध्येच एक बी तिला कुठल्याच करवंटीत बसेना. ती दोन्हींच्या मध्ये ठेवते आणि पुढच्या बीकडे वळते. मधली जागा तिने स्वतः शोधली, तिला कोणी सांगितले नव्हते. ज्या पकडीने ती बी उचलत होती, त्याच पकडीने दोन-तीन वर्षांनी पेन्सिल धरायची असते. वर्गीकरण, तुलना, निर्णय, बोटांचा व्यायाम, सगळे त्या पाच मिनिटांत झाले आणि त्याला खर्च शून्य आला.

त्या वेळी सेविका ताई मात्र खोलीत नव्हत्या. फोनला रेंज मिळत नाही म्हणून त्या बांधावर उभ्या होत्या. पोषण ट्रॅकर या ॲपवर हजेरी भरायची, आहाराची नोंद करायची, वजन-उंची चढवायची. घरी नेण्याचा शिधा घेणाऱ्या माता आणि तीन वर्षांच्या आतल्या बाळांच्या आया यांचे चेहरे फोनवर पडताळून घेण्याची सक्ती जुलै 2025 पासून आली. डोंगरातल्या वाडीत त्या पडताळणीला अर्धी सकाळ जाते. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते, कारण ते फोन चालत नव्हते आणि ॲपची भाषा इंग्रजी होती. फोन बदलले. वेळेचा प्रश्न तसाच राहिला. ताई बांधावर असताना मुलांसमोर गोष्ट कोण सांगणार?

‘अंगणवाडीत काय, नुसता खाऊ मिळतो, शिकवत नाहीत’ हे वाक्य रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही एसटी स्टँडवर ऐकू येईल. त्यात तथ्य आहे, आणि ते का आहे हेही समजून घेतले पाहिजे. अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्राचा एक सुरुवातीचा प्रकल्प मेळघाटातल्या धारणीला होता. तेव्हा भूक आणि बालमृत्यू हे समोरचे संकट होते, म्हणून आहार आणि लसीकरणाला अग्रक्रम मिळाला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवा एका खोलीत, एका बाईच्या शिरावर आल्या. पन्नास वर्षे झाली. आहाराची नोंद तपासली जाते, वजनाची तपासली जाते, फोटो मागितला जातो. आज कोणती गोष्ट सांगितली, हे तपासायला कोणी येत नाही. जे तपासले जात नाही ते मागे पडते.

शिक्षणाचा आराखडा नाही असेही नाही. महाराष्ट्राने अंगणवाडीसाठी ‘आकार’ नावाचा बालशिक्षण अभ्यासक्रम केला. केंद्राने मे 2023 मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ सुरू केले आणि पुढच्या वर्षी तीन ते सहा वयासाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आणला. ‘आकार’ची पुस्तिका ज्या ताईने मनापासून वापरली, तिच्या अंगणवाडीतले मूल पहिलीत गेल्यावर ओळखू येते. ते बोलते, विचारते, रांगेत थांबते, आपली वस्तू जागेवर ठेवते.

आणि पैशांचे बघा. अंगणवाडीतल्या मुलामागे आहाराचा 2017 साली ठरलेला दर दिवसाला 8 रुपये आहे. वर्षातले 300 दिवस धरले तर 2,400 रुपये. या 8 रुपयांत 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने द्यायची, असा तेव्हाचा निकष होता. बचत गटाच्या बायका यात उसळ, खिचडी, लापशी करतात. रत्नागिरीच्या बाजारात नारळाचा आणि कडधान्याचा भाव ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. सेविकेचे मानधन 2023 मध्ये 10,000 रुपये झाले, मदतनिसांचे 5,500. डिसेंबर 2023 पासून बावन्न दिवस संप झाला, आणि पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये सेविकांना 13,000 व मदतनिसांना 7,500 रुपये व वर कामगिरीचा भत्ता, अशी वाढ मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये अंगणवाडी कर्मचारी उपदानास पात्र आहेत असा निकाल दिला. इतकी वर्षे राबवून घेतल्यावर आपण त्यांना कर्मचारी म्हणायला न्यायालयाची वाट पाहिली, ही माझ्या मते आपल्या समाजाची मोठी उणीव आहे.

बालशिक्षणावर खर्च केला की काय होते, याचा सगळ्यात जास्त चर्चा झालेला पुरावा अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला आहे. इप्सिलँटी या गावात 1962 पासून गरीब कृष्णवर्णीय घरांतल्या 123 मुलांचा अभ्यास झाला. त्यांतल्या काहींना रोज सकाळी अडीच तासांची बालशाळा मिळाली आणि शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाऊन आईशी बोलत. ही मुले चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांच्या आयुष्याची नोंद ठेवली गेली. बालशाळेत गेलेल्यांचे शिक्षण जास्त झाले, कमाई जास्त राहिली, तुरुंगाशी संबंध कमी आला. पण त्या शाळेत पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि तिला सरकारी शाळेतल्या शिक्षकाचा पगार होता. त्या अभ्यासाचे दाखले आपण देतो, तेव्हा हा पगार विसरतो.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. कोकणच्या उत्तर टोकाला, त्या वेळच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यात बोर्डी आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करत होत्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, पुढे दादरला शिशुविहार झाला. मोंटेसरी पद्धत त्यांना पूर्ण अवगत होती. तिची महागडी साधने खेड्यातल्या मुलाला परवडणार नाहीत हेही त्यांना दिसत होते. 1945 च्या डिसेंबरात त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. वस्तीतली मुले शाळेत येत ना, तेव्हा या दोघी वस्तीत गेल्या. मुलांना आंघोळ घातली, नखे कापली, झाडाखाली बसवले. शिंपले, बिया, खडे, पाने हीच शिक्षणाची साधने झाली. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे त्यांना दिसले की मोठी बहीण शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ असतो. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. बहीण वर्गात बसली, भाऊ शेजारच्या खोलीत झोपला. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री मिळाली. रत्नागिरीच्या वाडीतल्या त्या मुलीपुढच्या काजूच्या बिया सरळ बोर्डीहून आलेल्या आहेत.

पाळणाघर आणि बालवाडी एकत्र हवी, हा विकासवाडीचा धडा आज रत्नागिरीला सगळ्यात जास्त लागू आहे. मिरकरवाड्याच्या बंदरावर बोटी लागतात तेव्हा मासळी विकणाऱ्या बायका पहाटेच घराबाहेर पडलेल्या असतात. अंगणवाडी त्यानंतर कितीतरी वेळाने उघडते आणि त्यांचा बाजार संपायच्या आत सुटते. त्या आईला तीन-चार तासांची बालवाडी पुरत नाही. मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात जाणारी, काजू फोडायला जाणारी, हॉटेलात भांडी घासणारी, सगळ्यांची हीच अडचण. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर काढायची तरतूद आहे. बंदराच्या गावांनी ती सगळ्यात आधी मागायला हवी.

आणखी एका मुलाची गोष्ट या जिल्ह्यात सुटून जाते. हापूसच्या बागांची राखण करायला आणि बोटींवर खलाशी म्हणून नेपाळहून माणसे येतात. काही जण कुटुंब घेऊन येतात आणि बागेतल्या खोपीत राहतात. मासेमारीचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, आंबा मे महिन्याअखेर संपतो. म्हणजे शाळेचे जवळजवळ सगळे वर्ष ते मूल रत्नागिरीत असते. घरात नेपाळी, अंगणात मराठी. तीन-चार वर्षांचे पोर दोन महिन्यांत मराठी बोलू लागते, हे ज्या ताईंनी अशी मुले पटावर घेतली त्यांना ठाऊक आहे. ॲप आधार मागते आणि आईकडे अनेकदा ते नसते. अशा वेळी नोंद कशी करायची ते वरिष्ठांनी ठरवावे. मुलाला दाराबाहेर ठेवू नये. कर्नाटकातून बांधकामाला आलेल्या कुटुंबांतल्या मुलांनाही हेच लागू आहे.

आपली स्वतःची मुले तर कमी होत चालली आहेत. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती. 2011 मध्ये ती 16,15,069 झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना आपली घटली. कर्ता पुरुष मुंबईला, कधी बायको-मुलेही मुंबईला, आणि घराला गणपतीपुरते दार उघडे. वाडीत तीन ते सहा वयाची चार-पाच मुले उरतात. त्यातले एक आईवडिलांनी तालुक्याच्या गावी इंग्रजी नर्सरीला घातले, दुसरे आजोळी गेले, की अंगणवाडीच्या पटावर उरतात तीन. पट कमी म्हणून पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेवर गंडांतर येते. नर्सरीचा निर्णय एका घराचा वाटतो, पण वाडीतली शाळा राहणार की नाही हे अशाच चार घरांच्या निर्णयावर ठरते.

इंग्रजीची ओढ मला समजते. मुलाला नोकरीच्या मुलाखतीत गप्प बसावे लागू नये, असे ज्या बापाला वाटते त्याला कोणी दोष देऊ नये. पण तिसऱ्या वर्षी मुलाला मनातले सगळे बोलता यावे, राग, भीती, भूक शब्दांत सांगता यावी, यासाठी त्याला घरात ऐकू येणारी भाषाच लागते. संगमेश्वरी बोलीत बडबडणारे पोर इंग्रजी वर्गात सहा महिने मुके बसते, हे मी पाहिलेले आहे. भाषा पक्की झाली की दुसरी भाषा सहज येते. सहाव्या वर्षी सेमी-इंग्रजीचा रस्ता उघडा असतो, त्यासाठी तिसऱ्या वर्षाचा बळी द्यायचे कारण नाही.

मुले बालवाडीत जातच नाहीत, अशी महाराष्ट्राची स्थिती नाही. ग्रामीण भागात झालेल्या 2024 च्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत चार वर्षांच्या मुलांपैकी 95 टक्क्यांहून अधिक मुले कुठल्या ना कुठल्या पूर्वप्राथमिक वर्गात असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आहे. दारापर्यंत मुले पोहोचली आहेत. आता दाराच्या आतले काम बाकी आहे.

ते काम गावालाही करता येते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करणे बंधनकारक आहे. त्यातून अंगणवाडीच्या छताची गळती थांबते, बसायला सतरंजी येते, गोष्टींची पुस्तके येतात, स्वच्छतागृहाला पाणी येते, रेंजसाठी इंटरनेटची जोडणी मिळते आणि ताईला बांधावर जावे लागत नाही. शहरात हेच काम नगरसेवकाकडे मागता येते. हा अंक हातात पडेल तेव्हा प्रवेशाचा हंगाम तोंडावर असेल. अर्ज घ्यायच्या आधी एक सकाळ आपल्या वाडीतल्या अंगणवाडीत जाऊन बसा, आणि ज्या खाजगी वर्गाची चौकशी करणार असाल तिथेही वर्ग चालू असताना बसू द्या म्हणून सांगा. बसू दिले नाही तर तिथे मूल ठेवू नका. मूल जुलै ते डिसेंबरमधले असेल तर एक वर्ष थांबा. आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत उभे राहून विचारा, आपल्या ग्रामपंचायतीचे ते 10 टक्के या वर्षी कशावर खर्च झाले. उत्तर तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या.